लाल कोपऱ्याचे डॉक्टर

डॉ. पेंढुरकर गेल्याची बातमी माझ्याच टेबलावर आली. मालवणच्या वार्ताहराने पाठवलेला मजकूर चार ओळींचा होता. नाव, वय, छातीच्या विकारांचे जाणकार, आणि शेवटी ‘तालुक्याचा देवमाणूस हरपला’. मी शेवटची ओळ कापली आणि बातमी कंपोजला दिली. जागेची अडचण नव्हती. पुढच्या दोन रविवारी याच पुरवणीत त्यांच्यावर दोन लेख आले आणि दोन्हींत ते देवमाणूसच होते. माझा त्यांच्याशी आठ वर्षांचा परिचय होता. मला ते कधी तसे दिसले नाहीत.

ते मूळचे मसुऱ्याचे. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात छातीच्या विभागात काही वर्षे काढून परत आले आणि मालवणच्या बाजारपेठेत दवाखाना उघडला. रस्त्यापासून दारापर्यंत जांभ्याच्या सात पायऱ्या होत्या. डॉक्टर बरोबर त्यांच्यासमोर बसत. मंगळवार छातीच्या जुन्या रुग्णांचा. विड्यांनी छाती गेलेले खलाशी, काजू भाजण्याच्या धुरात उभ्या राहिलेल्या बायका, आयुष्यभर नारळाच्या ओल्या चुडतांवर चूल पेटवलेल्या म्हाताऱ्या. डॉक्टरांना मालवणी उत्तम येत असे, पण दवाखान्यात ते ती बोलत नसत. समोरचा मालवणीत सांगे, हे पुस्तकी मराठीत फटकारत. “धूर दोन वेळा गिळतोस, भात एकदाही नाही. मग माझ्याकडे काय मागायला आलास?” हे मी स्वतः ऐकलेले वाक्य. तो खलाशी त्यांच्याहून वयाने मोठा होता.

त्यांची पद्धत मात्र वेगळी होती, आणि मी बातमीदार म्हणून तिच्याकडे ओढला गेलो. एक्स-रे फुप्फुस किती बिघडले ते सांगतो, माणूस किती टिकेल ते सांगत नाही, असे त्यांचे म्हणणे. जुनाट छातीच्या रुग्णाचे शरीर हळूहळू स्वतःलाच खाऊ लागते, आत कुठेतरी धग राहते, आणि हे दोन्ही मोजता येते. म्हणून दर महिन्याला ते तीन मापे घेत. पहिले वजन. दुसरे दंडाचा घेर, शिंप्याच्या टेपने. तिसरे रक्त. बारीक काचेच्या नळीत रक्त भरून ती तासभर उभी ठेवायची आणि तांबडा भाग किती खाली बसला ते बघायचे. जास्त खाली बसला तर आत धग आहे. तो तासभर रुग्ण बाकावर बसून आपापल्या नळीकडे बघत.

“तुजा रगत खंय इला गो?”

“अर्ध्यार. तुजा?”

“माजा गेला तळाक, नांगरासारख्या.”

बाकावर हशा पिके आणि त्याच्यामागून खोकला. डॉक्टर आतून ओरडत, “हसायला दम आहे, म्हणजे औषध कमी करतो.”

प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड असे. तिन्ही मापे बिघडली की डॉक्टर कार्डाचा वरचा कोपरा लाल पेन्सिलीने रंगवत आणि त्या माणसाला लांबच्या मोठ्या इस्पितळात छातीच्या वॉर्डात पाठवत. तिथे महिनाभर औषध, दूध, अंडी, विश्रांती. लाल कोपऱ्याचा अर्थ एवढाच होता, की हा माणूस घरी ठेवला तर वर्ष काढणार नाही, त्याला आधी उचला. पण हे ते रुग्णाला सांगत नसत. मी विचारले तेव्हा म्हणाले, “एस.टी.त बसणाऱ्याला ड्रायव्हर गिअर समजावतो का?”

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मुंबईच्या वर्तमानपत्रांना सिंधुदुर्गातल्या चांगल्या बातम्या हव्या होत्या. मी डॉक्टरांवर अर्धे पान लिहिले. तिन्ही मापे समजावून दिली आणि तिन्ही बिघडली तरच कोपरा लाल होतो, हे दोनदा लिहिले. वाक्य त्यांचेच होते. माझ्या वहीत ते अजून आहे.

लेख मालवणात हातोहात फिरला. लोकांनी त्यातला ‘वर्ष काढणार नाही’ एवढाच भाग उचलला. मासळीबाजारात नवा शब्दप्रयोग आला, “तेचो कोपरो लाल जालो.” म्हणजे तो संपला. छातीचा वॉर्ड म्हणजे क्षयाचा वॉर्ड, हे तर सगळ्यांना आधीपासूनच ठाऊक होते. कोणी तसे म्हणाले नव्हते, तरी ठाऊक होते. डॉक्टरांच्या कानावर हे गेले. त्यांनी एका शब्दानेही खुलासा केला नाही.

माझी आई त्यांच्याच कार्डांपैकी एक होती. आम्ही देवबागचे. वडील समुद्रावर गेले ते परतले नाहीत, तेव्हापासून आईने मासे विकून मला आणि धाकट्या शेवंताला वाढवले. चुलीच्या धुराने तिची छाती गेली होती. लेख आला त्या वर्षी शेवंताचे लग्न आरोंद्याला ठरत होते. मुलाकडची माणसे चांगली होती, पण चौकस होती. मुलीच्या घरात क्षय आहे असे कानावर गेले असते तर ती परत आली नसती.

त्या पावसाळ्यापासून पुढचे आठ महिने आईचे वजन जराही हलले नाही. एकेचाळीस. दर महिन्याला काटा तिथेच थांबे. दंड उतरत होता, नळीतले रक्त प्रत्येक वेळी आणखी खाली बसत होते, पण वजन ठाम होते. मी एकदा सोबत गेलो होतो. आई चौथ्या पायरीवर थांबली, कठड्याला धरून उभी राहिली आणि मग वर आली. डॉक्टर समोर बसून बघत होते. त्यांनी तिला काट्यावर उभे केले आणि म्हणाले, “शिस्तीची बाई आहे. हिच्याकडून शिका.” मी म्हणालो, “डॉक्टर, तिला चालवत नाही.” त्यांनी माझ्याकडे न बघता कार्ड पुढे सरकवले. “भावना छापायच्या असतील तर तुमच्याकडे पेपर आहे. इथे मापं आहेत.”

कोपरा पांढराच राहिला. शेवंताचे लग्न झाले. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात आई गेली.

डॉक्टर घरी आले नाहीत, निरोपही आला नाही. दाखल केले असते तर ती वाचली असती, असा माझा दावा नाही. माझी तक्रार एवढीच होती, की तीनपैकी दोन मापे ओरडत होती, समोर बाई धापा टाकत होती, आणि हा माणूस तिसऱ्या आकड्यावर समाधानी राहिला. पुढे सहा वर्षांत ते मला एकदाच भेटले, मालवणच्या एस.टी. स्टँडवर. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले, “वजन वाढलंय तुमचं,” म्हणाले आणि निघून गेले. ह्या वाक्याबद्दल मी त्यांना आजही माफ केलेले नाही.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी त्यांच्या कंपाउंडरची, दाजींची, चिठ्ठी आली. आईचे कार्ड घेऊन जा. मी गेलो. दवाखान्याला कुलूप नव्हते. नळ्यांचा स्टँड रिकामा होता. दाजींनी कार्ड हातात दिले आणि त्याच्या पाठोपाठ काट्याशेजारून उचलून एक कापडी पिशवी. पिशवी इतकी जड होती की हात खाली गेला. आत जाळ्याच्या तळाला ओवतात तशा शिशाच्या गोळ्या होत्या.

“तुज्या भयणीन आणून दिल्यान,” दाजी म्हणाले. “तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी इली. टेबलार ठेवल्यान आणि म्हणाली, ह्या घेवा, आयेचा वजन. डॉक्टरांनी पिशवी काट्यार घातल्यानी, आकडो बघितल्यानी… त्या दिवशी दुसरो पेशंट घेवक नाय.”

तिथून मी थेट आरोंद्याला गेलो. शेवंता अंगणात कोकमाची सोलां वाळत घालत होती. पिशवी बघून तिने हात पुसले.

“तुजो लेख मीच वाचून दाखवलंय तिका, दादा. दोनदा वाचूक लावल्यान. म्हणाली, तिनय बिघडले तरच? मी म्हटलंय, व्हय. मगे म्हणाली, रगत माज्या हातात नाय, दंड माज्या हातात नाय. वजन आसा.”

आई मासे विकणारी बाई. वजन तिच्या हाताला कळे. दर महिन्याला आपण किती उतरलो ते बाजारातल्या काट्यावर बघून ती तेवढ्याच गोळ्या पिशवीत वाढवी, पिशवी लुगड्याच्या आत कमरेला बांधी आणि त्या सात पायऱ्या चढे. शेवटच्या महिन्यात, श्वास पुरत नसताना, ते ओझे पावणेचार किलो होते.

“माका का नाय सांगलंस?”

“तुका सांगून काय? तू ता पण पेपरात घातलं असतंस.”

कार्ड मी परतीच्या एस.टी.त नीट पाहिले. आठ महिन्यांचे एकेचाळीस शाईत होते. प्रत्येकाखाली नंतर पेन्सिलीने अंदाजाने वजाबाकी केलेली होती आणि खरे वजन लिहिले होते. वरचा कोपरा आता लाल होता. त्याखालची तारीख आईच्या तेराव्यानंतरची. दाजींनी आणखी एक सांगितले होते, की त्यानंतरच्या मंगळवारपासून डॉक्टरांनी नियम बदलला. कुठलीही दोन मापे बिघडली की कोपरा लाल. कोणाला कारण सांगितले नाही. रुग्णांना अर्थ तेव्हाही सांगितला नाही. ज्या बाईला ते वाचवू शकले नाहीत तिच्या मुलाला कार्ड दाखवायला त्यांच्यापाशी सहा वर्षे होती, आणि तेवढ्या काळात त्यांना माझे वजन तेवढे सांगावेसे वाटले. देवमाणूस ही ओळ मी आजही कापली असती.

पिशवी आता संपादकीय विभागात माझ्या टेबलावर असते. वर पंखा आहे, मजकुराचे कागद उडतात, म्हणून ते तिच्याखाली ठेवतो. छापलेल्या मजकुरात चूक निघाली किंवा मजकूर पुढे खरा राहिला नाही, तर वर्तमानपत्राने दुरुस्ती छापायची असते. त्या अर्ध्या पानाची दुरुस्ती मी कधी छापली नाही. आज छापतो. तिन्ही बिघडेपर्यंत थांबायचे नाही. दोन पुरेत.