रक्त यायच्या आधी

गाड्यांची सीटकव्हरं शिवणाऱ्या त्या दुकानात तिला सगळे फौजदार म्हणत. जाड रेक्झीनवर टीप घालता घालता ती मालकालाही सुनवायची, आणि मालक मुकाट्याने ऐकून घ्यायचा, कारण इतकी सरळ टीप दुसऱ्या कुणाच्या हाताला नव्हती. दारूला तिने जन्मात हात लावला नव्हता. तरी रक्तात दडून बसलेल्या काविळीच्या विषाणूने तिचं लिव्हर आतून कडक करून टाकलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं, "लिव्हरमधून रक्ताला वाट मिळत नाही, म्हणून अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात. एखादी फुटली तर रक्ताच्या उलट्या होतील, जिवावर बेतेल. अजून फुटलेली नाही, तोवरच बंदोबस्त करू."

आधी गोळ्या दिल्या. त्यांनी रक्तदाब इतका उतरला की ती मशीनवरच भोवळ येऊन पडली. मग ठरलं, दुर्बिणीतून त्या शिरांना रबरी कड्या घालून त्या आवळून टाकायच्या. गुंगीचं औषध देणार, म्हणून सोबत घरचं माणूस हवं.

घरचं माणूस म्हणजे धाकटा भाऊ. त्याचं चपलांचं दुकान होतं, आणि संध्याकाळी शटर ओढलं की स्वारी थेट बाटलीकडे वळायची. तो म्हणाला, "ताई, लिव्हर म्हटलं की लोक काय समजतात, ठाऊक आहे ना? घराची अब्रू जाईल. दुखतंय का कुठे तुला? मग कशाला नसती उठाठेव?"

ती एकटीच गेली. सोबत कुणी नाही म्हणून तिला परत पाठवलं. घरी येऊन ती रडली. मरणाची भीती वाटत होतीच, पण भावाचा संताप त्याहून जास्त येत होता.

दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी ती त्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

"ऐका हो सगळे. मला लिव्हरचा आजार आहे. दारू न पिता झालाय. उद्या हा माझा भाऊ मला दवाखान्यात नेणार आहे. नाही नेलं तर परवा मी परत येईन आणि सगळं पहिल्यापासून सांगेन."

एक गिऱ्हाईक एका पायात चप्पल घालून तसंच बसून राहिलं. भाऊ हळूच म्हणाला, "येतो गं ताई, येतो. आता पुरे कर."

दवाखान्यात भावाचे डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. ही मात्र कडक इस्त्रीच्या कपड्यांत ताठ बसलेली. नर्सने कागदावरून मान वर केली, दोघांकडे पाहिलं आणि भावालाच विचारलं, "शेवटची कधी घेतली?"

"काल संध्याकाळी," तो बोलून गेला.

बाकावरची माणसं हसली. तिला हसू आलं नाही. बहिणीला इथे आणायच्या आदल्या दिवशीही याला राहवलं नाही, हे ऐकून ती उठून नर्सच्या टेबलापाशी गेली.

"पेशंट मी आहे," ती म्हणाली. "मी थेंबही घेत नाही. पण मला बाहेर आणेपर्यंत याचंही नाव लिव्हरच्या तपासणीला लिहून घ्या. उलटीत रक्त दिसेपर्यंत आमच्या घरात आता कुणी थांबणार नाही."

भाऊ उठून चालू लागला. तिने त्याचा दंड धरून त्याला परत बाकावर बसवलं आणि ती आत गेली.