होल्स्टर चार बोटं खाली

भोपाळच्या सोनागिरीतल्या आमच्या घरात दोन माणसांनी कमरेला पिस्तुलाचा पट्टा बांधलेला आहे. एक माझी मुलगी, ती पोलिसात सब-इन्स्पेक्टर आहे. दुसरा मी, शेजारच्या मोठ्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला. तिने बांधला तो सरकारी हुकुमाने. मी बांधला तो स्वतःच्या अकलेने, आणि त्यानंतर सहा तास मी त्या पट्ट्याचा कैदी होतो.

मुलीची ज्या पथकात बदली झाली होती, तिथे सगळ्यांना नवे पट्टे मिळाले होते. पट्टा जाड नायलॉनचा, काळा, असा कडक की उभा ठेवला तर सॅल्यूट मारेल. पुढे प्लॅस्टिकचं बकल. तीन ठिकाणी एकाच वेळी दाबल्याशिवाय ते उघडत नाही, म्हणजे गर्दीत कुणी पट्टा हिसकावून पळू नये. उजव्या बाजूला होल्स्टर. सगळं नीट, फक्त हा पट्टा ज्याने आखला त्याने जन्मात बाई पाहिलेली नसावी. पुरुषाची कंबर म्हणजे पाण्याचा पाइप, वरून खाली सरळ. बाईचं शरीर कमरेखाली बाहेर वळतं. त्यामुळे होल्स्टरचं खालचं टोक बाहेर ढकललं जाई आणि पिस्तुलाची मूठ वर येऊन थेट बरगडीत घुसे. पिस्तूल काढायचं म्हणजे मुलीला कोपर कानापर्यंत न्यावं लागे. बघणाऱ्याला वाटावं, फळीवरची लोणच्याची बरणी काढते आहे.

चांदमारीत, म्हणजे पोलिसांच्या नेमबाजीच्या परीक्षेत, ती यापायीच एकदा नापास झाली होती. गोळ्या सगळ्या पुतळ्याच्या छातीत, पण शिट्टी वाजल्यापासून पिस्तूल हातात येईपर्यंत उशीर. आता एकच संधी उरली होती. तीही गेली तर पथकातून बाहेर, आणि पुन्हा रेकॉर्डच्या खोलीत. त्या खोलीत तिने आधी दोन वर्षं काढली होती. खिडकी नाही, एक ट्यूबलाइट, छतापर्यंत फायली.

"बाबा, तिथे दुपारचे बारा आणि संध्याकाळचे सहा सारखेच दिसतात," ती म्हणाली. "मैं वापस नहीं जाऊंगी. राजीनामा देईन."

मी म्हटलं, "राजीनामा कशाला? तुझा बाप काय मेलाय?"

माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. कारखान्यात मी टर्बाइन बसवायचो. माझ्या हातच्या टर्बाइनवर चालू असताना पेन्सिल उभी ठेवली, तर ती पडत नसे. एका टर्बाइनवर तर साहेब पेन्सिल विसरून गेले आणि तीन वर्षांनी आले, तेव्हा ती तशीच उभी होती, फक्त धूळ बसली होती. अशा माणसाला एक होल्स्टर खाली सरकवणं काय जड? जुन्या कूलरच्या मोटारीची अॅल्युमिनियमची पट्टी काढली आणि दोन प्लेटींचा एक ब्रॅकेट केला. एका प्लेटीला उभी भोकं, म्हणजे होल्स्टर वर-खाली करता येईल. दुसरीला चंद्रकोरीसारखी खाच, म्हणजे मूठ पुढे-मागे कलवता येईल. मागून चार बोल्ट, आणि पट्टा दोन्ही प्लेटींच्या मधून ओवलेला, त्याला एकही भोक नाही. कोणत्याही कमरेला, कोणत्याही हाताला बसेल अशी वस्तू. बायको म्हणाली, "झालं की किसणी." मी दुर्लक्ष केलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलगी कोर्टात साक्षीला गेली. तिथे पिस्तूल न्यायचं नव्हतं, म्हणून साधा चामड्याचा पट्टा बांधून गेली आणि हा नायलॉनचा माझ्यापाशी ठेवला. जाताना दारातून तीन तीनदा बजावलं.

"बाबा, पट्ट्याची लांबी बदलायची नाही. माझ्या मापावर बसवलीय. आणि कापायचं-भोसकायचं काही नाही. आतून नंबर छापलाय, रजिस्टरवर माझ्या सहीने आहे."

"अगं, मी काय न्हावी आहे कापायला?"

"संध्याकाळी पाचला येते."

आता आमच्या फिटर लोकांच्या दोन सवयी ऐका, कारण घात त्यांनीच केला. पहिली : सुटणारा बोल्ट म्हणजे फिटरची नाचक्की. म्हणून शेवटी बोल्टच्या आट्यांना एक निळं औषध लावायचं. ते सुकलं की बोल्ट तापवल्याशिवाय हलत नाही. दुसरी : वस्तू ज्याने केली त्याने आधी स्वतः वापरून बघायची, मग दुसऱ्याच्या हातात द्यायची. चाळीस वर्षांत हात या दोन गोष्टी डोक्याला न विचारता करू लागतात. कामाच्या टेबलाशी उभं राहून मी होल्स्टर मला शोभेल अशा उंचीवर लावलं, बोल्टांना औषध लावून आवळलं, आणि पट्टा कमरेला घेतला.

मुलीच्या मापाचा पट्टा, आणि माझी कंबर! पोट आत ओढलं. असं ओढलं की बेंबी पाठीला टेकली. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि बकल खटकन बसलं. वजनासाठी शिसवी लाकडाचं पिस्तूल कोरून ठेवलं होतं, ते होल्स्टरमध्ये टाकलं. आरशापुढे दोनदा बाहेर काढलं. झकास. विजेसारखं.

मग श्वास सोडला.

पोट आपल्या जागी परत आलं, किंबहुना रागावून जास्तच पुढे आलं. बकल त्याच्या छज्ज्याखाली गेलं. दाबायला गेलो तर तीन बटणांपैकी दोनच सापडत, आणि तिसरं सापडलं की पहिलं निसटे. पट्टा इतका ताणलेला की बटणं दाबली तरी दात सुटेनात. पुन्हा पोट ओढावं म्हटलं, तर सकाळचे दोन बशा पोहे आत मोर्चा काढून बसलेले. ब्रॅकेट काढून थोडी ढील मिळवावी, तर बोल्टांची डोकी पट्ट्याच्या आत, माझ्या अंगाला लागून, आणि वर निळं औषध. जे जे सुटू नये म्हणून केलं होतं, ते काही केल्या सुटेना.

"अगं," मी हाक मारली, "जरा इकडे ये. घाबरू नकोस."

बायको आली, बघितलं, पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, मला दिसू दिलं नाही. तिने दाबून पाहिलं. साबण लावला. तूप लावलं. शेवटी गुडघा माझ्या पोटावर टेकून ओढलं, तेव्हा मी असा ओरडलो की पलीकडच्या इंद्रपुरी कॉलनीपर्यंत कबुतरं उडाली असतील. ते ऐकून शेजारी आला. हा माझ्याबरोबर कारखान्यात वेल्डर होता. त्याने मला आपादमस्तक पाहिलं.

"दादा, इस उमर में भर्ती हो गए?"

"मजाक मत कर. निकाल सकता है?"

त्याने चष्मा सरकवून पट्ट्याची पाहणी केली. "दो मिनट. ग्राइंडर लाता हूं."

खरं सांगतो, मी हो म्हणणार होतो. घाम फुटला होता, श्वास अर्धाच येत होता. पण बायकोने त्याची वाट अडवली. "भैया, ये पट्टा कटा तो कल बिटिया परीक्षा में क्या बांधेगी? पुन्हा त्या अंधारकोठडीत पाठवायचं तिला? इनको कुछ नहीं होता, ये ऐसे ही रहेंगे." आणि मला म्हणाली, "पाचपर्यंत उभे राहा." शेजारी गेला, पण नाइलाजाने. त्याला ग्राइंडर चालवायचाच होता.

घड्याळात सव्वाअकरा वाजले होते.

एक तास उभा राहिलो. मग पाय भरून आले म्हणून सोफ्यावर बसायला गेलो. होल्स्टरचं टोक गादीला टेकलं, अख्खं यंत्र वर उचललं गेलं आणि पिस्तुलाची मूठ बरगड्यांत रुतली. उडून उभा राहिलो. हात असलेल्या खुर्चीत होल्स्टर हाताखाली अडकलं, आणि उठलो तेव्हा खुर्ची माझ्याबरोबर उठली. स्टुलावर बसलो, तर वाकता येईना. जमिनीवर पडलेला चष्मा उचलण्यासाठी मी भिंतीला धरून जसा खाली गेलो, तसा हत्तीसुद्धा गुडघे टेकत नाही. जेवण चार घासांत आटोपलं. पाचवा घास आत जायला जागाच नव्हती.

दोन वाजता बायको चहा घेऊन आली.

"नको," मी म्हटलं.

"घ्या हो, घसा सुकला असेल."

"नको म्हणतो ना!" मग हळू आवाजात सांगावं लागलं. पायजम्याची नाडी पट्ट्याच्या खाली होती.

ती कप घेऊन उभी राहिली. हसली नाही. म्हणाली, "पोरगी ड्यूटीवर दिवसभर पाणी पीत नाही. माहीत आहे का तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं. मला वाटे, ती घरी आल्या आल्या माठापाशी उभी राहून तांब्यावर तांब्या रिकामा करते, ती तिची सवय. पट्टा, होल्स्टर, पिस्तूल, सगळं उतरवायचं, कुठे ठेवायचं, नजर कुणी ठेवायची, पुन्हा चढवायचं, आणि रस्त्यावर बाईसाठी जागा तरी कुठे सापडणार. त्यापेक्षा ती पाणीच पीत नाही. हे आईला ठाऊक होतं आणि बापाने ब्रॅकेट केला होता.

मी उभाच होतो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून विचार केला. मुलगी परीक्षेत उभी असेल, पण गाडीतून उतरून. तिच्या पथकाची परीक्षा तशीच होते : जीपमध्ये बसायचं, शिट्टी झाली की खाली उडी, पिस्तूल बाहेर. आणि मी होल्स्टर लावलं होतं आरशापुढे उभं राहून, हिरोसारखं. बसल्यावर ते बरगडीत जातं, हे मला बसेपर्यंत कळलं नव्हतं. पुन्हा खुर्चीत बसलो, मुद्दाम. दुखलं. मूठ कुठे टोचते, तिथे बायकोकडून पेन्सिलीने सदऱ्यावर खूण करून घेतली. उठलो, बसलो, उठलो, बसलो. त्या दुपारी मी दीडशे बैठका काढल्या असतील. तीसच असतील, बायको म्हणते. होल्स्टर चार बोटं खाली हवं होतं आणि मूठ पुढे कललेली, हे खुणांनी सांगितलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी मुलगी आली. दारातच थांबली. साबणाचा फेस, तुपाचे डाग, सदऱ्यावर पेन्सिलीचे फुल्या-गोळे, आणि कमरेला तिचा पट्टा.

"बाबा."

"आधी सोडव. मग ओरड."

तिने बॅग ठेवली. "भिंतीला पाठ टेकवा. श्वास पूर्ण सोडा. और सोडा. आता श्वास घेऊ नका." दोन्ही बाजूंनी पट्टा तळव्यांनी आत ढकलला, अंगठ्याने काहीतरी केलं, आणि खट. दोन सेकंद. मी न्हाणीघराकडे ज्या वेगाने धावलो, त्याची नोंद कुठल्याच परीक्षेत व्हायची नाही.

बाहेर आलो तर ती ब्रॅकेट उलटापालटा करून बघत होती. चेहरा उतरलेला. "ये तो हिलता ही नहीं. अॅडजस्टेबल म्हणाला होतात."

"हलेल," मी म्हटलं. सोल्डरिंगची सळई तापवली, एकेका बोल्टच्या डोक्यावर धरली, औषध नरम पडलं. होल्स्टर चार बोटं खाली घेतलं, मूठ पुढे कलवली. तिला हात नसलेल्या खुर्चीत बसवलं, ती जीप. बायकोने ताटावर पळी वाजवली, ती शिट्टी; दुसऱ्यांदा वाजली की वेळ संपली. मुलगी उठली, लाकडी पिस्तूल अर्ध्यावर अडकलं. एक भोक वर. पुन्हा पळी. मूठ जरा कमी कलवली. पुन्हा पळी. अकराव्या का बाराव्या वेळी तिचं कोपर वर गेलंच नाही. हात खाली गेला आणि पिस्तूल समोर होतं. बायकोची पळी दुसऱ्यांदा वाजायची होती, ती हवेतच राहिली.

बोल्टांना या वेळी औषध लावलं नाही. हात दोनदा बाटलीकडे गेला. मुलीने बाटली उचलून आपल्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन आला. मी स्पीकर लावला, बायको शेजारी.

"झालं बाबा. पास. वेळेच्या आत, आरामात."

मी ओरडणार तेवढ्यात ती म्हणाली, "ऐका आधी. शस्त्रागाराच्या हवालदाराने विचारलं, ये क्या लगाया है, किसने बनाया."

छाती फुगली. "मग? काय सांगितलंस?"

"ऑनलाइन मागवलं म्हणून सांगितलं."

 बायकोने माझा हात धरला.

"बाबा, घरचं काम सांगितलं असतं तर चौकशी. चौकशी झाली की पट्टा जमा, निकाल रद्द, और मैं फिर उसी कमरे में. कुणाला बोलायचं नाही. शेजारच्या काकांनाही नाही. शपथ घ्या."

शपथ घेतली. अडीच वर्षं पाळली. तुम्हाला त्याचा अर्थ कळायचा नाही. आमच्या कॉलनीच्या बाकावर रोज संध्याकाळी निवृत्त लोक बसतात आणि आपापल्या पराक्रमांच्या थापा मारतात. त्यातल्या निम्म्या थापा मूळच्या माझ्या. वेल्डर सांगतो की त्याने पाण्याखाली वेल्डिंग करून अख्खं शहर वाचवलं. मी मान डोलावतो. आणि माझ्याजवळ आयुष्यातली एकच गोष्ट अशी, जी पदरचं तिखटमीठ न लावता सांगता येईल, आणि तीच गिळून बसायची. अख्खी संध्याकाळ पट्टा आवळल्यासारखा श्वास अर्धा यायचा.

गेल्या महिन्यात तिच्या पथकाला नवे पट्टे आले. होल्स्टर खालीवर होतं, कारखान्यातूनच तसं बनून आलंय. जुना तिने जमा केला, ब्रॅकेट आधी काढून घेतला. मी विचारलं, "आता तरी सांगू?"

"लिहा," ती म्हणाली. "पण नावं नकोत. आणि बाकावर अजून नाही. काका सगळ्या भोपाळला सांगतील."

तेव्हा लिहिलं. बाकावर आजही वेल्डर पाण्याखालीच आहे, आणि मी त्याच्या शेजारी तोंड मिटून बसलेला आहे.