बाबांच्या खोलीतला कॉम्प्युटर

गेम खेळायचा कॉम्प्युटर मी स्वतःच्या हाताने जोडला होता. त्याचा मला इतका माज, की जोडणीत काही चुकलं असेल हे महिनाभर मान्यच केलं नाही. गेम सुरू केला की दहा मिनिटांत प्रोसेसर पंच्याण्णव अंशांवर जायचा, पंखे कोकलायला लागायचे आणि स्क्रीन काळी. रोज तेच. डोकं फिरायची वेळ आली होती.

दोष मी बाहेर शोधला. आमचं घर पनवेलजवळच्या कोन गावात, रस्त्यालगत. दिवसभर डंपर जातात. पुसलेल्या टेबलावर तासाभरात बोटाने रेघ ओढता येते. मी धुळीला शिव्या घातल्या, मग मे महिन्याला. आणखी दोन पंखे बसवले, कॉम्प्युटरच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलं. सुटे भाग ज्याच्याकडून घेतले त्या पनवेलच्या दुकानदाराने फोनवर विचारलं, प्रोसेसरवरचा कूलर काढून बघितलात का? मला रागच आला. मी काय नवशिका वाटलो त्याला?

घरात एसी एकच, बाबांच्या खोलीत. गेल्या वर्षी मीच त्यांच्यासाठी बसवलेला. कॉम्प्युटर तिथे हलवला. बाबांनी दोन दिवस पंख्यांची घरघर सोसली, मग चटई उचलून ओटीवर गेले. मिठागरात उन्हातच जन्म गेला, मला काय होतंय, म्हणाले. ते माझ्या सोयीचं होतं, म्हणून मी खरं मानलं. एकदा ते खोलीची खिडकी जरा उघडायला आले, तर धूळ येते म्हणून मी त्यांच्यावर खेकसलो. ते खिडकी लावून गेले. मशीन एसीतही बंद पडतच होतं.

शेवटी एका रविवारी दुपारी, दुकानदार चुकतोय हे सिद्ध करायलाच, कूलर काढला. त्याच्या बुडाला, जिथे तो प्रोसेसरला टेकून उष्णता ओढतो तिथेच, पातळ, पारदर्शक प्लास्टिक. बसवण्याआधी काढा, असं त्यावर लाल इंग्रजी अक्षरांत छापलेलं.

आमच्याकडे नव्या वस्तूवरचं प्लास्टिक कोणी काढत नाही. फ्रिज सात वर्षांचा झाला, दारावरच्या फिल्मला बुडबुडे आले तरी ती तशीच. मिक्सरचं तेच, टीव्हीचं तेच, रिमोट अजून पिशवीत. या प्लास्टिकचं एक टोक जोडतानाच सुटलेलं दिसलं होतं, आणि मी ते अंगठ्याने नीट दाबून परत चिकटवलं होतं. चरा पडू नये म्हणून. स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

फिल्म सोलली, प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची पेस्ट नव्याने लावली. अर्धा तास गेम चालवून पाहिला, आकडा सत्तरच्या वर गेला नाही. आनंद काही झाला नाही. ओटीवर जाऊन बाबांना प्लास्टिक दाखवलं, माझंच चुकलं म्हणालो. त्यांनी ते बोटांत धरून उलटसुलट पाहिलं. त्यांच्या गळ्याभोवती घामोळं लालभडक उठलं होतं. मग चटईवरून अर्धवट उठत त्यांनी मला विचारलं,

"मंग आता मी आत झोपू काय?"