म्हशीजवळचा कोन

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी सगळं ऐकून घ्या.

मी अमळनेरला बारावीचं गणित शिकवतो. मोहिनी माझी विद्यार्थिनी, वर्गातली सगळ्यात हुशार. तिला इंजिनिअरिंगला जळगावला जायचंय आणि तिचे वडील, आबा, नको म्हणतायत, हे कळल्यावर माझ्याच्याने राहवेना. तडक त्यांच्या गावी गेलो.

गोठ्याच्या त्रिकोणी कोपऱ्यावर टाकायला आबा ताडपत्री कापायच्या तयारीत होते. मी उभ्या उभ्या सुरू झालो. मुलींना बोलू द्या, त्यांचं ऐका, वगैरे.

"ते बठ्ठं खरं, सर. पन हाई गणित घरमा काय कामनं शे?"

मला एवढंच हवं होतं.

त्रिकोणाच्या दोन बाजू आबांनी मोजल्या होत्या, दहा फूट आणि सहा फूट. सहा फुटांच्या समोरचा कोन मी मोबाइलवर मोजला. तीस अंश. तिसऱ्या बाजूच्या दुसऱ्या टोकाला म्हैस बांधलेली, आणि ती परक्या माणसाला लाथ मारते म्हणे.

"म्हैस सोडू का?" आबांनी विचारलं.

"कशाला? साइनचा नियम आहे ना."

बाजू भागिले तिच्या समोरच्या कोनाचा साइन, उत्तर तिन्हीकडे सारखंच. म्हणजे म्हशीजवळ न जाता म्हशीजवळचा कोन हातात. कॅल्क्युलेटरवर आले छप्पन्न.

"सर, एकशे चोवीस पण..." मोहिनी म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस."

हो, मीच म्हणालो. मुलींना बोलू द्या म्हणणारा मी.

छप्पन्नवरून तिसरी बाजू बारा फूट निघाली, ती मी आबांना सांगितली.

"इतली मोठी लागी का?" आबांची कात्री थांबली.

"बिनधास्त कापा, आबा."

कापली, टांगली. निम्मी ताडपत्री घसरून म्हशीच्या तोंडावर पदरासारखी आली आणि आतून तिने जी रेकायला सुरुवात केली, ती काही थांबेना.

"छप्पन्न आणि एकशे चोवीस, दोन्ही कोनांचा साइन एकच असतो, सर," मोहिनी हळूच म्हणाली. "कॅल्क्युलेटर लहानच दाखवतो. हा तर विशालकोन आहे. नुसत्या डोळ्यांनीही दिसतोय."

दिसत होताच. मी तिकडे बघितलंच नव्हतं.

आबांनी म्हशीचं तोंड मोकळं केलं आणि मुलीकडे वळले.

"तुले पयलेच समजनं व्हतं?"

"हां."

"मंग बोलनी का नही?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हशीकडे.

आबांनी उरलेली ताडपत्रीही खाली ओढली. मग म्हणाले, "धाडू तिले जळगावले."

माझा ऊर भरून आला. मी पुन्हा भाषणाला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"फक्त एक सांगा, सर. तठे तुम्हनासारखा कोनी शिकाडत नही ना?"