माझ्या पोटात काय राहत नाय

आमच्या पनवेलच्या महिला मदत केंद्राच्या चॅटची तांत्रिक बाजू सांभाळायला एक मुलगी ओवे गावाहून स्कूटीवर येते. मी कुणा बाईची हकीकत सांगायला लागले, की ती लगेच हात वर करते. "नको सांगू ताई, माझ्या पोटात काय राहत नाय."

बायका लिहितात ते वाटेत कुणी वाचू नये, म्हणून तिने प्रत्येक चॅटला नवी गुप्त किल्ली लावून दिली. चॅट संपलं की ती किल्ली कायमची पुसली जाते. मी कुरकुरले होते, "एकच ठेव की."

"ठेवलेली वस्तू चोराला गावते."

गेल्या महिन्यात सर्व्हरची ओळख पटवणारी, कायमची मुख्य किल्ली खरंच चोरीला गेली. नवऱ्याच्या नकळत लिहिणाऱ्या सगळ्या बायका माझ्या डोळ्यांपुढे आल्या. तिने मुख्य किल्ली बदलली आणि जेवणाचा डबा उघडला. "चोरानं सगळं टिपून ठेवलं असंल तरी जुनं काय उघडणार नाय. त्या चॅटच्या किल्ल्या हायतच कुठं?"

परवा मला राहवलं नाही. "त्यातली एक बाई..."

हात वर झाला. मग हळूच खाली आला.

"बरी हाय ना?"

"बरी आहे."

"बास," म्हणाली आणि हेल्मेट घातलं.