आप्पांचं वजनदार इंग्रजी

मी इंग्लंडात लीड्सला निघाले तेव्हा सांगलीच्या एसटी स्टँडवर आप्पांनी माझ्या हातात एक लिफाफा दिला आणि सावधानमध्ये उभे राहिले, जणू मी त्यांची मुलगी नाही, तपासणीला आलेली कुणी साहेब आहे. आई गाडी हलेपर्यंत खिडकीखाली एकच सांगत होती, "पोचलीस की फोन कर. जेवल्याबिगर ऱ्हाऊ नगंस." कराड गेल्यावर मी लिफाफा उघडला. आत पाऊण पानभर इंग्रजी, सगळी कॅपिटल अक्षरं, आणि वाक्य एकच. माझ्या भावी कारकिर्दीच्या उज्ज्वल यशाकरिता हार्दिक शुभेच्छा व्यक्त करण्याचा सन्मान त्यांना लाभत असल्याचं त्यांनी नम्रपणे माझ्या निदर्शनास आणून दिलं होतं. खाली सही, हुद्दा आणि कंसात निवृत्त. मी हसत सुटले आणि हसता हसता रडायलाच लागले. शेजारच्या अनोळखी बाईंनी काही न विचारता मला शेंगदाण्याचा लाडू दिला.

तुम्ही आमच्या गावची, कुंडलची मंडळी हसू नका. तुमच्यातल्या निम्म्यांचे अर्ज आप्पांनीच लिहिलेत. फौजेत त्यांचा सगळा जन्म कारकुनीत गेला, आणि निवृत्त झाल्यावर गावातल्या माजी सैनिकांचे कागद घेऊन ते सांगलीच्या सैनिक कल्याण कचेरीत खेपा घालायचे. "अर्ज हातात धरला की सायबाला वजन लागलं पायजे," असं त्यांचं म्हणणं. मलाही इंग्रजी त्यांनीच शिकवलं. मी 'यूज' लिहिलं की ते खोडून 'युटिलाइज' करायचे, 'स्टार्ट'चं 'कमेन्स'. "हलकं शबूद लिवायचं न्हाईत गं." साताऱ्याच्या एमआयडीसीत मला पंपांची माहितीपत्रकं लिहायची नोकरी लागली, तेव्हा तिथले साहेबही या वजनावर खूश होते. त्याच जोरावर मी लीड्सच्या एका पंप कंपनीत पोचले, वापरसूचना लिहायला. आप्पांनी गावभर करून टाकलं, "आमची पोरगी इंग्रजांस्नी इंग्रजी लिवून देती."

आणि इंग्रजांनी ते परत पाठवलं. एकदा नाही, दोनदा.

नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती. तिसरं सूचनापुस्तकही जमलं नाही तर चंबूगबाळं आवरून परत, हे मला स्पष्ट सांगितलं होतं. माझं लिखाण तपासायला हेलन होती, साठीला टेकलेली, चष्मा केसांत आणि पेन्सिल हातात. माझ्या पानांवर तिच्या पेन्सिलीच्या इतक्या रेघा असायच्या की मूळ मजकूर शोधावा लागायचा. मला परत जायची भीती नव्हती हो. आप्पांना तोंड काय दाखवू, ही भीती होती.

तिसऱ्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर धोक्याची सूचना होती. मी लिहिलं होतं की, आवरण उघडण्याची प्रक्रिया आरंभ करण्यापूर्वी विद्युतपुरवठा खंडित झाला असल्याची वापरकर्त्याने कृपया खातरजमा करावी. इंग्रजीत तर ते याहून लांब होतं. हेलननं ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "पंप उघडणाऱ्याचे हात ओले आहेत. विजेचा शब्द त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत तो काय करत असेल?" मग ती म्हणाली, "तुझ्या घरी पंप आहे ना? तिथं काय म्हणता?"

आणि माझ्या डोळ्यांसमोर आमचा ऊस उभा राहिला. डोक्याच्या वर गेलेला, हिरवागार. आप्पा विहिरीवर मोटरीपाशी, आई आत सऱ्यांना पाणी पाजत. एकमेकांना दिसायचा प्रश्नच नाही. पाणी शेवटच्या सरीला पोचलं की आतून हाक यायची, "आवं, मोटर बंद कराऽऽ!" बस्स. काय करायचं ते लगेच कळायचं. आप्पांचा हात खटक्यावर गेलेला असायचा. या बाईनं आयुष्यात एकदाही त्यांना विद्युतपुरवठा खंडित करण्याची विनंती केली नव्हती!

मी भर ऑफिसात ती हाक मारून दाखवली. दोन टेबलांवरची माणसं उठून उभी राहिली. हेलनला मराठी कुठलं कळायला, पण ती टेबलावर थाप मारून म्हणाली, "हे लिही!" मी लिहिलं, "स्विच ऑफ द पंप. देन ओपन द कव्हर."

काय सांगू तुम्हाला, त्या आठवड्यात मला झोप गोड लागेना, इतकी मजा येत होती. सकाळी उठावं आणि वाक्यांचा पाला सोलत सुटावं! 'युटिलाइज' गेलं, 'यूज' आलं. कुणी करायचं ते वाक्यात आलं, करायचं ते आधी आलं. मग मी इतकी चढले की सगळंच तोडून टाकलं, आणि हेलननं ते पुन्हा परत दिलं. म्हणाली, "आता तू सारखी ओरडतेयस." तेही पटलं. आई धोक्याला दोन-तीन शब्दांत ओरडते, पण पाणी कुठल्या सरीतून कुठं फिरवायचं हे सांगायला बसली की तिचं एकच वाक्य पाण्यासारखं वळणं घेत शेवटपर्यंत जातं, आणि कुठंही गोंधळ होत नाही. मी दोन्ही तऱ्हेनं लिहिलं. तिसरं पुस्तक पास झालं आणि मी कायम झाले.

त्याच आनंदात मी आप्पांना फोन केला आणि सगळं सांगून बसले. युटिलाइजचं यूज केलं हेही. मग आप्पा म्हणाले, "मंजी मी जल्मभर चुकीचं शिकिवलं म्हन की." मी नाही नाही म्हणेपर्यंत फोन आईकडं गेला होता. माझीच मला चीड आली. ज्या इंग्रजीच्या खांद्यावर बसून मी इथवर आले, तेच मी त्यांना हलकं करून दाखवलं होतं.

त्यानंतर आप्पांचे मेसेज बंद. एरवी वाढदिवसालाही 'विथ रेफरन्स टू' करून लिहिणारा माणूस. दोन महिने आईच फोनवर. "लय गप गप असत्यात," ती म्हणायची.

मग गेल्या आठवड्यात, आमच्या उसाला तोड आल्यानंतर, फोनवर आप्पांचा मेसेज आला. कॅपिटल अक्षरं तीच. सही नाही, हुद्दा नाही.

"केन इज कट. आय कॅन सी द होल फील्ड. आय कान्ट सी यू. कम होम."

ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मी ते कितीदा वाचलं, सांगता येत नाही. एकही शब्द वजनदार नव्हता, आणि मी तिथंच पायरीवर बसले. फौजेतून त्यांनी आईला किती पत्रं लिहिली असतील, पण त्यांना आपल्या माणसांची आठवण येते हे मी पहिल्यांदा वाचलं.

लीड्समध्ये संध्याकाळी ऑफिसातून खोलीवर जातानाही आम्ही 'गोइंग होम' म्हणतो. इतके महिने मीही म्हणत आले, आणि त्यात काही खोटं वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी रजेचा अर्ज लिहिला, एका ओळीचा, "आय वॉन्ट टू गो होम," आणि हेलनपुढं ठेवला. तिनं सवयीनं पेन्सिल उचलली. वाचलं. माझ्याकडं पाहिलं. आणि पेन्सिल खाली ठेवली.