भावकीबाहेरचं सुतक

आमच्या घरी सुतक आहे. गेलेल्या बाईला या गावात आमच्याशिवाय कुणी पाहिलेलंही नाही.

ती माझी आजी नव्हे, मावशी नव्हे. आमच्या जातीची नव्हे, की मुलखाची नव्हे. महाराष्ट्र कुठे येतो हे तिला शेवटपर्यंत नीट ठाऊक नव्हतं.

आम्ही तिला अम्मा म्हणायचो.

चंब्याच्याही वर, हिमाचलात, जिथं बस संपते त्या गावात माझं बालपण गेलं.

खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईसाठी कुठं कुठं पोचलीत, हे इथल्या निम्म्या फ्रेंडलिस्टला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. सोनारांचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं, ही गलाई. भट्टी आली, अॅसिड आलं, धूर आला.

त्या धुरापायी पप्पांना गावात कुणी खोली देईना. अम्मानं दिली, आपल्या गोठ्याशेजारची. ती रोज त्या धुराला शिव्या घालायची आणि रोज संध्याकाळी आमच्याकडे वाटीभर राजमा घेऊन यायची.

आई आमची धनगराची. तिला मराठीशिवाय काही येत नव्हतं.

अम्मा गद्दी, म्हणजे तिकडची मेंढपाळ. तिला पहाडीशिवाय काही येत नव्हतं.

पहिल्या वर्षी आई रडून रडून अर्धी झाली होती, असं पप्पा सांगायचे. मग थंडीच्या तोंडावर अम्माची मेंढरं डोंगरावरून खाली आली. आई तशीच उठली, कळपात शिरली, एका मेंढीचा पाय धरून खूर बघितला आणि ओरडली, "आवं, ही लंगडतीया बघा! खूर सडलाय हिचा!"

अम्माला एक शब्द कळला नाही. पण तिनं वाकून खूर पाहिला आणि आईला हाताला धरून घरात नेलं.

तेव्हापासून दोघी रोज लोकर कातायला एकत्र. आई मराठीत बोलायची, अम्मा पहाडीत. भांडणंसुद्धा आपापल्या भाषेत. आणि दर वेळी दोघींनाही वाटायचं, आपणच जिंकलो.

मला ते सगळं अजून हवंय.

पत्र्यावरून बर्फ घसरायचा त्याचा धप्प आवाज. शाळेला सुट्टी. शेगडीवर भाजलेले अक्रोड. अम्माची लोकरीची जाड चादर, तिला येणारा मेंढरांचा वास, आणि आत आम्ही दोघं भावंडं.

आता मी इकडे कुपवाडला एका कारखान्याच्या ऑफिसात असते. एप्रिलमध्ये पंखा गरम वारा फेकायला लागला की डोळे मिटून त्या खोलीत जाऊन येते. नवरा म्हणतो, "तिथं राहिली असतीस तर गारठून मेली असतीस." म्हणू दे बापडा. त्यानं देवदारावर बर्फ पडताना पाहिलेला नाही.

पप्पांची तब्येत बिघडली आणि आम्ही परत आलो. निघताना अम्मा बाहेरच आली नाही. आत भांडी आपटत होती. आईनं रस्त्यावरूनच हाक दिली, "येतो गं आमी! माघारी येतो!"

गेलो नाही.

या उन्हाळ्यात जाऊ, पुढच्या उन्हाळ्यात जाऊ. पोरांच्या परीक्षा आल्या, पप्पांचं दुखणं वाढलं, मग पप्पाच गेले. राहूनच गेलं.

परवा अम्माच्या नातवाचा फोन आला. अम्मा गेली.

आणि काल गावची जत्रा.

देशभरातले गलाईवाले गावी आलेले, मीही माहेरी आलेली. गल्लीत पंजाबपासून आसामपर्यंतच्या नंबरप्लेटा. त्यात देवाचा निवद रांधायचा मान यंदा आमच्या घराचा. भावकीत फिरत फिरत किती वर्षांनी आमच्या चुलीपाशी आलेला. आई महिनाभर त्याच तयारीत होती.

सकाळी माझे धाकटे चुलते, तात्या, निवद न्यायला आले, तर चूल थंड.

"वैनी, निवद कुठाय?"

"मला सुतक हाय, भावजी."

"कोण गेलं?"

"माझी भन."

तात्यांना अम्माचं कळलेलं होतं. ते भडकलेच.

"आवं, त्या पहाडातल्या बाईचं सुतक आपल्याला कशाचं? ना नात्याची, ना गोत्याची! आता मान गेला तर परत कवा यायचा? लोकास्नी काय सांगू मी?"

आई उठली नाही. बसल्या जागेवरून तिनं माझ्याकडे हात केला.

"ही जल्मली तवा कमरंएवढा बरफ हुता. दवाखाना न्हाई, दाई न्हाई. हिची नाळ तिनं कापली. नाळंमागनं पडलेली वार तिच्या उंबऱ्यापाशी पुरलीया. त्यो उंबरा परका कसा, सांगा मला."

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. जन्म तिकडचा हे माहीत होतं. माझी वार त्या दारात मातीखाली आहे, हे नव्हतं. लोक विचारतात, एवढी कसली ओढ गं तुला तिकडची? मलाही सांगता यायचं नाही.

तात्या निघून गेले. निवद दुसऱ्या घरी शिजला. आमचा मान गेला.

संध्याकाळी पालखी निघाली. ती आमच्याच गल्लीतून जाते. ढोल, कैताळ, भंडारा, आरोळ्या. आम्ही मायलेकी दार लोटून आत बसलेलो. आवाज जवळ येत गेला, मांडणीवरची भांडी थरथरायला लागली.

आणि आमच्या दारापाशी सगळं एकदम बंद झालं.

मी खिडकीतून पाहिलं. पालखीच्या पुढं तात्या उभे होते, हात वर करून.

आमच्याकडे रीत आहे. ज्या घरात मयत झालंय, त्या घरापुढून वाजवत जायचं नाही.

गर्दीतून कुणीतरी विचारलं, "काय झालं तात्या? कोण गेलं?"

"वैनीची भन वारलीया," तात्या म्हणाले.

अख्खी पालखी आमच्या दारापुढून मुकाट गेली. नुसता पायांचा आवाज.

आई तेव्हा रडली. फोन आल्यापासून पहिल्यांदा. मोठ्यानं, गळा काढून, सख्ख्या बहिणीसाठी रडतात तशी.

अम्मा, आम्हाला यायला उशीर झाला गं.

सावकाश जा.

तुझ्या पोरीचा तुला नमस्कार.